छत्रीखालचं खग्रास

आई,

तुमच्या आकाशवाल्या मंडळींनी माझ्याकडे तुमच्यावर लेख मागितला आहे. जन्म कुठला, नोकरी कुठे केली, पहिली दुर्बीण कधी घेतली, हे सगळं त्यात हवं म्हणे. मी हो म्हणून बसले. आता लिहायला घेते आणि दर वेळी पहिल्या ओळीनंतर तुमचा असा राग येतो की पुढचं सुचतच नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये, असं भेटायला येणारे सांगतात. सांगणाऱ्यांनी तुमची सून होऊन एका घरात संसार केलेला नाही.

म्हणून तो लेख प्रशांत लिहील. तुमचाच मुलगा आहे, तारखा त्याला पाठ असतात. मी इथे तुमच्याशीच बोलते. आज तरी मध्ये बोलू नका.

काल फ्रिज साफ केला. दारातल्या खणात, जिथे सगळ्या जगाच्या घरात अंडी असतात, तिथे तुमच्या जुन्या फिल्मचे रोल निघाले. ते धुवून देणारा दुकानदार दुकान बंद करून कधीचा मुलाकडे राहायला गेला, हे तुम्हाला माहीत होतं. "राहू दे, थंड्यात टिकतात," म्हणायच्या. कशासाठी टिकवायचे, हे विचारलं की तुम्हाला ऐकू यायचं नाही. तुरीच्या डाळीच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या सापडल्या, कॅमेऱ्याच्या बॅगेतल्या. एक पुडी डाळीसोबत कुकरमध्ये जाता जाता राहिली. आणि माझी काळी ओढणी, जी मी चार वर्षं शोधत होते, ती तुमच्या दुर्बिणीला गुंडाळलेली होती. मी मोलकरणीवर संशय घेतला होता, आई. तुम्ही समोर बसून मटार सोलत होतात आणि एक अक्षर बोलला नाहीत.

माणूस गेलं की घर रिकामं वाटतं म्हणतात. आपलं घर अजून तुमच्या सामानानं इतकं भरलेलं आहे की मला कपडे वाळवायला जागा नाही.

मी उमरेडची. वडील कोळशाच्या खाणीत, आई घरी. आमच्याकडे ग्रहण म्हणजे दारं-खिडक्या बंद, पाण्याच्या भांड्यात तुळशीचं पान, आणि सुटेपर्यंत तोंडात घासही नाही. लहानपणी मी एकदा खिडकीच्या फटीतून पाहिलं तर आईनं पाठीत धपाटा घातला होता. मला चंद्र दिसलाही नव्हता, समोरच्यांची पाण्याची टाकी दिसली होती.

आणि मग तुम्ही मला पाहायला आलात. प्रशांत खाली मान घालून पोहे खात होता. माझी आई तुम्हाला विचारत होती, तुमच्याकडे काय काय पाळतात. कुठून तरी ग्रहणाचा विषय निघाला. तुम्ही ताटातला एक लाडू उचलला, प्रशांतच्या बशीतला दुसरा उचलला, आणि खिडकीतून ऊन येत होतं तिथे जाऊन उभ्या राहिलात. "हे पाहा विहीणबाई, ही पृथ्वी. हा चंद्र. आता पृथ्वीची सावली चंद्रावर पडली. पडली का? कोणी गिळलं का त्याले?" माझी आई त्या लाडवांकडे अशी पाहत होती की जणू आता ते कोणी खाऊ नयेत. तुम्ही मात्र चंद्र खाऊन टाकलात आणि म्हणालात, "मेथी छान झाली."

प्रशांत बरा होता. पण खरं सांगायचं तर मी सासू पाहून होकार दिला. वाटलं, या घरात खिडक्या उघड्या राहतील.

पहिली दोन-तीन वर्षं तसंच झालंही. तुमच्या सोसायटीच्या छतावर तुम्ही मला शनीची कडी दाखवलीत. मी म्हटलं, "चिकटवल्यासारखी वाटतात," तर तुम्ही खूश झालात, कारण तुम्हालाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. कॅमेरा हातात दिलात. फोटो काढला की तुम्ही चष्मा कपाळावर सरकवायच्या, पडदा डोळ्यांजवळ न्यायच्या आणि म्हणायच्या, "चांगला आहे. हलला." कौतुक आणि निकाल एकाच श्वासात. मी स्टँडला हात न लावता, रिमोटनं, श्वास रोखून काढला तरी तुमचं "हलला" ठरलेलं. आपल्या प्रतापनगरात रस्त्यावरून ट्रक गेला तरी तो माझ्यामुळे हलला.

तर ती संध्याकाळ. आठ वर्षं आपण जिच्यावरून भांडलो ती.

माघातली थंडी होती. खग्रास चंद्रग्रहण, आणि तेही रात्री जागून पाहायचं नाही, तर संध्याकाळी. चंद्र उगवणार तोच अर्धा झाकलेला. तुमची महिनाभर तयारी चालली होती. पूर्वेला इमारतींच्या गर्दीत कुठून क्षितिज दिसतं, हे पाहायला तुम्ही शहराच्या पलीकडच्या सक्करदऱ्याच्या मैत्रिणीचं छतही पाहून आलात. शेवटी आपल्याच छतावरून, दोन इमारतींच्या मधल्या फटीतून चंद्र वर येईल असं तुम्ही हिशेबानं काढलंत. आदल्या दिवशी त्या फटीकडे पाहत तुम्ही असं हसत होतात की कोणी म्हणालं असतं, बाईंना लॉटरी लागली.

मला पाचवा महिना होता.

सकाळी मी पोळ्या लाटत होते. तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात आणि म्हणालात, "आज संध्याकाळी तू आपली खोलीतच राहा बरं."

मला वाटलं, थट्टा आहे. मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

"काहून?"

"थंडी आहे."

"थंडी आहे का ग्रहण आहे?"

"थंडी."

आई, तुम्हाला खोटं बोलता यायचं नाही. कान लाल व्हायचे. मी लाटणं खाली ठेवलं आणि म्हटलं, "तुम्हीच तर लाडू घेऊन सांगितलं होतं, सावली आहे म्हणून."

"सावलीच आहे."

"मग?"

"मंग काही नाही. तू बस."

आणि तुम्ही बॅटऱ्या चार्ज करायला निघून गेलात. मी तिथेच उभी. तव्यावरची पोळी जळली. आयुष्यभर ज्या बाईनं ऑफिसातल्या बायकांना, भाजीवाल्याला, लग्नात भेटलेल्या भटजींनाही सावली समजावली, तिनं स्वतःच्या सुनेला ग्रहणात घरात बसवायचं ठरवलं होतं. माझ्या आईनं सांगितलं असतं तर मी एकवेळ ऐकलं असतं. तिला निदान कोणी शिकवलं नव्हतं.

दुपारी आईचाच फोन आला उमरेडहून. आवाजात एवढा आनंद मी माझ्या लग्नातही ऐकला नव्हता.

"तुह्या सासूचा फोन आल्ता. पोरीले बाहेर निंगू देऊ नका म्हणे, तुम्ही सांगा, माहं ऐकत नाही. आता तं तिचंही ऐकत नाहीस का वं?"

मी फोन ठेवला. तुम्ही माझ्या आईला फोन केलात! जिला तुम्ही लाडू घेऊन गप्प केलं होतं, तिच्याकडेच मदत मागायला गेलात. मला सांगा, यापेक्षा मोठी फितुरी काय असते? मी तुमच्या खोलीत आले. तुम्ही लेन्स पुसत होतात.

"तुम्ही आईला फोन केला?"

"खुशाली विचारायले."

कान लाल.

मग मी ठरवलंच. चंद्र पाहायची हौस किती होती आणि तुम्हाला खोटं पाडायची किती, ते आता वेगळं काढता येत नाही. संध्याकाळी स्वेटर घातला, डोक्याला स्कार्फ बांधला आणि एकेक पायरी चढत वर आले. लिफ्ट छतापर्यंत जायची नाही. तुम्ही कठड्याजवळ होतात, स्टँड लावलेला, पाठ माझ्याकडे. पूर्वेला आकाश अजून निळसर होतं आणि त्या फटीत, धुरकट हवेत, अर्धा तोडलेला चंद्र वर येत होता. फिका, एखाद्या पापडाच्या तुकड्यासारखा. तुम्ही पुटपुटत होतात, "आला, आला, आला." इतकं गोड मी तुम्हाला कोणाशीच बोलताना ऐकलं नव्हतं. प्रशांतशीही नाही.

मी जवळ आले तेव्हा तुम्ही वळलात.

"तू काहून आली वं?"

"पाहायला."

"खाली जाय."

"नाही जात."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, चंद्राकडे पाहिलं. मग जिन्याकडे चालायला लागलात. मला वाटलं, रागावून चाललात. खरं तर मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण कॅमेरा तसाच सोडून तुम्ही जाल, हे मला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. भूकंप झाला असता तरी तुम्ही आधी स्टँड धरला असता.

तुम्ही परत आलात, धापा टाकत, आणि हातात प्रशांतच्या बाबांची छत्री. ती मोठी, काळी, लाकडी मुठीची. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली होती, ती कुणी उघडलेलीही नव्हती. तुम्ही ती खटकन उघडली, त्यातून धूळ उडाली, आणि माझ्या डोक्यावर धरली. पूर्वेच्या बाजूला तिरकी करून. ढालीसारखी.

स्वच्छ आकाश. पाऊस नाही, ऊन नाही. छतावर दोन बायका आणि एक छत्री.

"आई, हे काय?"

"काही नाही."

"लोक पाहून राहिले." खरंच पाहत होते. शेजारच्या छतावरचे एक काका मोठ्यानं हसलेही.

"पाहू दे."

"आई, कॅमेरा! आता पूर्ण झाकेल."

"झाकू दे."

"द्या माझ्याकडे, मी धरते छत्री. तुम्ही फोटो काढा."

"तू धरशील अन् मी वळली की बाजूला करशील. मी ओळखत नाही का तुले?"

बरोबर ओळखत होतात.

तुमची पाठ चंद्राकडे होती आणि तोंड माझ्याकडे. महिनाभर ज्याची वाट पाहिली ते तुमच्या मागे घडत होतं आणि तुम्ही माझ्या स्कार्फकडे पाहत होतात. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. मी रिमोट उचलला. म्हटलं, मग मी काढते. तुम्ही म्हणालात, "काढ. पण वर पाहू नको."

तेव्हा मी अख्खं खग्रास कॅमेऱ्याच्या एवढ्याशा पडद्यावर पाहिलं. छत्रीखालून. आणि तुम्ही तेही पाहिलं नाहीत.

उजेडात आधी तो हरवलाच. शेवटची पांढरी कड गेली आणि संध्याकाळच्या निळ्यात काहीच उरलं नाही. मी म्हटलं, "गेला. दिसत नाही." तुम्ही मागे न वळता म्हणालात, "आहे तिथंच. अंधार होऊ दे. स्टँडची मूठ थोडी सैल कर, थोडं वर घे, थोडं उजवीकडे. थांब. आता?" "नाही." "आणखी थोडं." आणि मग हळूहळू, जसा निखारा राखेतून दिसतो, तसा तो आला.

"रंग कसा आहे?" तुम्ही विचारलंत.

"विटकरी."

"नुसता विटकरी? कडेले निळसर काही?"

"हो. एका बाजूनं. अगदी बारीक."

"ते हवेतून गाळून आलेलं असते," तुम्ही म्हणालात, आणि तुमचा आवाज असा झाला की मी पडद्यावरून नजर काढून तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही डोळे मिटले होते. "दोन सेकंद ठेव. हात लावू नको. आता एक. आता पुन्हा दोन. श्वास घेऊ नको."

"पाचव्या महिन्यात श्वास कसा रोखू?"

"मंग घे. पण हळू घे."

तुम्ही एकदाही वळला नाहीत. मी तीनदा सांगितलं, "आई, एकदा पाहा तरी, मी छत्री नाही हलवत, शपथ." तुम्ही वळला नाहीत. चंद्राच्या कडेला पुन्हा पांढरी रेघ आली, तो उजळत गेला, तेव्हा प्रशांत चहा घेऊन वर आला. त्यानं आपल्याला तसं पाहिलं. ट्रे कठड्यावर ठेवून तो परत खाली गेला. तुमच्या आणि माझ्या मधे कधी पडायचं नाही, ही एकच गोष्ट तो आयुष्यात नीट शिकला आहे.

त्या संध्याकाळचा एक फोटो चांगला आला. तुम्हीसुद्धा "हलला" म्हणाला नाहीत. तुमच्या मंडळींनी तो मोठा छापून प्रदर्शनात लावला आणि तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात, "माह्या सुनेनं काढला, पोटात बाळ असताना." जसं काही तुम्ही मला हात धरून वर नेलं होतं! मग मी छत्रीची गोष्ट सांगितली. सगळे हसले. तुम्ही म्हणालात, "दव पडून राहिलं होतं."

दव! तिथून ते भांडण सुरू झालं. दव कॅमेऱ्यावर पडतं आई, लेन्स ओली होते, तुम्हीच शिकवलंत. मग छत्री कॅमेऱ्यावर का नव्हती? तुम्ही म्हणायच्या, "तुले सर्दी झाली असती." मग ती पूर्वेकडे तिरकी का? "वारा तिकडूनच होता." दर ग्रहणाला, दर दिवाळीला, घरी कोणीही नवीन आलं की मी विचारायचे, "खरं सांगा, काहून धरली होती?" आणि तुम्ही दर वेळी नवीन कारण काढायच्या. एकदा म्हणालात, शेजारचे काका तुह्याकडे पाहून राहिले होते. एकदा म्हणालात, छत्रीले हवा लावायची होती. रेवा मोठी झाली तशी तीही विचारायला लागली. आजीनं छत्री काहून धरली, हे आपल्या घरातलं कोडंच झालं.

मला ते एकच उत्तर हवं होतं. "चुकलं" एवढंही चाललं असतं. तुम्हाला शिक्षा म्हणून नाही. ज्या बाईच्या भरवशावर मी उमरेडच्या बंद खिडक्या सोडून आले, ती खरी होती की नाही, हे मला कळायला हवं होतं. हे तुम्हाला कधी समजलं का? का समजूनच तुम्ही दवावर दव रचत गेलात?

गेल्या भाद्रपदातलं ग्रहण आपल्या डोक्यावर तरी ढगांनीच खाल्लं. तेव्हा तुमचे उपचार सुरू झाले होते. मी नको म्हणत असताना तुम्ही प्लास्टिकची खुर्ची छतावर न्यायला लावलीत आणि शाल गुंडाळून ढगांकडे पाहत बसलात. मी चिडले होते. डॉक्टर काय म्हणाले, अशक्तपणा किती, हे सगळं मी तुम्हाला ऐकवलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "पुढचं होळीले आहे. खग्रास आपल्याकडे दिसायचं नाही, चंद्र उगवेपर्यंत ते संपून जाईन. पण कापलेला वर येईन. थोडा वेळ भेटीन. तयारी ठेव." तयारी ठेव! माझा जीव वर-खाली होत होता आणि तुम्ही मला कामं वाटून देत होतात.

आणि होळीच्या आधी, माघातच, तुम्ही निघून गेलात. एवढा काटेकोर हिशेब करून स्वतःच गैरहजर. याला काय म्हणायचं?

दवाखान्यात शेवटी शेवटी तुम्ही फार बोलत नव्हतात. मी रोज दुपारी यायचे. त्या दिवशी तुम्हाला जरा बरं वाटत होतं, उशी उंच करून दिली होती, मी संत्र्याच्या फोडी सोलून देत होते आणि तुम्ही त्या नुसत्या चोखत होतात. बोलायला काही नव्हतं म्हणून मी नेहमीचंच विचारलं. सवयीनं. उत्तराची अपेक्षाही नव्हती.

"आई, ती छत्री काहून धरली होती?"

तुम्ही फोड तोंडातून काढली आणि म्हणालात, "भेव लागला होता वं. आन् काय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी जी ओरडले! "भेव? आठ वर्षं? दव म्हणत होतात, वारा म्हणत होतात, त्या काकांवर आळ घेतला, आणि भेव? हे तेव्हा सांगता आलं नाही?" नर्स धावत आली. मला म्हणाली, "ताई, पेशंट आहेत त्या." तुम्ही हसत होतात. खोकला येईपर्यंत हसलात. नर्सनं तुम्हाला पाणी दिलं, मला डोळे वटारून दाखवले आणि गेली.

मग तुम्ही म्हणालात, "मले सगळं समजते. सावली समजते, अंतर समजते. कोणी विचारलं असतं तं मी तिथंच उभं राहून समजावून सांगतलं असतं. पण तू पोट घेऊन वर आली, अन् मले छत्रीच सुचली. आता त्याले मी काय करू?"

मी संत्र्याची दुसरी फोड पुढे केली. तुम्ही घेतली. मग झोपलात.

एवढं सोपं वाक्य होतं, आई. एवढ्या सोप्या वाक्यासाठी तुम्ही मला इतकी वर्षं झुलवलंत. मी घरी येताना रिक्षात रडले, आणि ते दुःखाचं रडणं नव्हतं, खरंच चीड होती. घरी आल्यावर प्रशांतला सांगितलं. तो म्हणाला, "तिला घाबरता येत नव्हतं. बाबा गेले तेव्हापासून." आणि भाजीला फोडणी द्यायला गेला. तो असं कधीतरी एखादं वाक्य बोलतो आणि पुन्हा महिनाभर गप्प असतो. तो तुमचा मुलगा आहे, मला कधीकधी पटतं.

परवा होळीची पौर्णिमा झाली. तुमचा फोन माझ्याकडे आहे, तो सकाळपासून वाजत होता. दर ग्रहणाला तुम्हाला विचारणाऱ्या त्या सगळ्या बायका. अर्ध्यांना तुम्ही गेल्याचं माहीतच नव्हतं. "काकू, किती वाजता सुटते? स्वयंपाक कधी करू?" मी सांगत गेले. एकीला सांगितलं, स्वयंपाक कधीही करा, ती म्हणाली, "काकूंना द्या ना फोन." मी म्हटलं, काकू नाहीत आता. ती रडायला लागली आणि मग मीच तिची समजूत काढत बसले. त्या गडबडीत दूध उतू गेलं. तुम्ही असताना तुमच्यामुळे उतू जायचं, आता तुम्ही नसताना तुमच्यामुळे.

संध्याकाळी रेवाला घेऊन वर गेले. प्रशांतनं स्टँड आणला. चौकाचौकात होळीची लाकडं रचलेली, हवेत आधीच धूर. सूर्य मावळला आणि पूर्वेला त्या फटीत काहीच दिसेना. आता तिथे तिसरी इमारत झाली आहे, फट अर्धीच उरली. मी तुमच्या नावानं बोटं मोडत होते. मग रेवा म्हणाली, "तो काय." त्या नव्या इमारतीच्या टाकीच्या वर, फिका, एका बाजूनं खाल्लेला. मी पटापट फोटो काढले. रिमोट चालेना, बोटानंच काढले. सगळे हललेत. मला पाहायचीही गरज नव्हती.

सावली हळूहळू उतरली आणि चंद्र पूर्ण गोल झाला. खालून ढोल वाजायला लागले. प्रशांत आणि रेवा होळी पाहायला उतरले. मी सामान आवरायला मागे राहिले, आणि तेव्हा मला जे आठवलं ते तुम्हाला सांगायचं आहे. त्याच्यासाठीच हे सगळं लिहिलं.

रेवा झाली तेव्हा मे महिना होता. वॉर्डात कुलर नुसता घरघरत होता. नर्सनं तिला पांढऱ्या कापडात गुंडाळून माझ्याशेजारी ठेवलं. आमच्या उमरेडकडे म्हणतात, गरोदर बाईनं ग्रहण पाहिलं तर बाळाचा ओठ कापलेला निघतो. मी हे लहानपणापासून ऐकलं होतं आणि हे खरं नाही, हे मला माहीत होतं. तसा ओठ कशानं होतो तेही मी वाचलं होतं, आणि तो डॉक्टर नीट करतात हेही. तुमच्याकडून शिकले होते, पुस्तकं वाचली होती, छत्रीबद्दल तुमच्याशी चार महिने भांडले होते. आणि तरी मी पहिल्यांदा मुलगी आहे की मुलगा, हे पाहिलं नाही. मी कापड बाजूला केलं आणि तिचा वरचा ओठ पाहिला.

त्या संध्याकाळी छतावर तुमच्याइतकीच मी घाबरले होते, आई. कदाचित जास्त. तुम्ही छत्री आणली नसती तर मी पाच मिनिटांतच खाली पळाले असते. हे मी तुम्हाला दवाखान्यात सांगायला हवं होतं, संत्र्याची फोड देण्याऐवजी. तुम्ही सांगून टाकलंत आणि मी गप्प बसले.

पण तुम्हाला माहीत असणार. कारण रेवा झाली त्या दिवशी तुम्ही वॉर्डात आलात तेव्हा मी डोळे मिटून पडले होते आणि तुम्हाला वाटलं, झोपले आहे. तुम्ही वाकलात, एका बोटानं कापड हळूच खाली ओढलं, आणि तिच्या ओठाकडे पाहिलंत. बराच वेळ. मी डोळे उघडले. आपण दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तुमचं बोट अजून कापडावरच होतं आणि तुमचे कान लालबुंद झाले होते.

तुम्ही घसा खाकरलात आणि म्हणालात, "नाक तुह्यावर गेलं वं."

मी म्हटलं, "हो."

रेवाचं नाक प्रशांतवर गेलं आहे, आई. सरळसरळ. तेव्हाही दिसत होतं.